ताई, तुमची ओढणी अजून आमच्याकडेच आहे

आदरणीय ताई,

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं ताई. मेलबर्नजवळच्या टार्नीटमधल्या चार मराठी घरांना कळेल मी कोणाबद्दल लिहितेय, बाकीच्यांना नाही कळलं तरी चालेल. पण लिहायचं मात्र सगळ्यांसमोर, हे मी तेव्हाच ठरवलं होतं. आमचे हे आता पडल्यावर मदतीला बोलावणारं घड्याळ वापरतात. गेल्या काही महिन्यांत तीन जणींनी मला विचारलं, "घड्याळ कुठलं घेतलंत हो यांच्यासाठी?" आणि दर वेळी वाटलं, कंपनीचं नाव सांगून यांच्या हाती काय लागणार? सांगायला हवं ते तुम्ही त्या रविवारी आमच्या बाथरूमच्या फरशीवर झोपून काय केलंत, ते.

जूनमधली ती दुपार अजून अंगावर येते. मी कामावर, मुलगा युनिव्हर्सिटीत. हे बाथरूममध्ये भिंतीला धरून घसरत खाली गेले. फोन स्वयंपाकघरात ओट्यावर, चार्जिंगला. तीन वर्षांपूर्वीच्या पक्षाघातात यांची उजवी बाजू अधू झाली आणि वाचा गेली. समजतं सगळं, पण शब्द सापडत नाहीत. इंग्रजी तर पारच पुसलं गेलं. मराठीतले काही शब्द उरलेत, त्यातही बरेचदा कशालाही "पाणी"च म्हणतात. मी साडेपाचला दार उघडलं तर आतून टकटक ऐकू येत होती. शॉवरच्या काचेवर डाव्या हाताच्या बोटांनी वाजवत होते. किती वेळ, देव जाणे. बोटांची सालटी निघाली होती. हाड मोडलं नव्हतं, एवढीच त्याची कृपा.

त्याच रात्री मी कार्ड हातात घेऊन लॅपटॉपसमोर बसले होते. दुपारीच एका दुकानदारानं फोनवर सांगितलं होतं, "काळजी करू नका, हे घड्याळ एनडीआयएस अप्रूव्हड आहे, पैसे प्लॅनमधून मिळतात." एनडीआयएस म्हणजे इथली अपंगांसाठीची सरकारी योजना, आणि प्लॅन म्हणजे त्यातून एकेका माणसाला ठरवून मिळणारा निधी. खरेदीचं बटण दाबण्याआधी तुम्हाला फोन लावला तो केवळ मन मोकळं करायला. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत, मला रडू दिलंत, आणि मग एवढंच म्हणालात, "आज काही घेऊ नका. रविवारी मी येते."

लेकीच्या प्लॅनचे कागद गेली सात वर्षं तुम्ही सांभाळताय, म्हणून तुम्हाला जे तोंडपाठ ते मला नवीन होतं. एनडीआयएस कुठल्याही घड्याळावर मंजुरीचा शिक्का मारत नाही, हे पहिलं. मंजूर होते ती माणसाची गरज, वस्तू नव्हे. दुसरं म्हणजे ३ ऑक्टोबर २०२४ पासून नियम बदललेत. प्लॅनमधून काय घेता येतं आणि काय नाही, याच्या याद्या आहेत. फोन, टॅबलेट, स्मार्टवॉच अशा कोणाच्याही घरात असणाऱ्या वस्तू 'नाही'च्या यादीत. अपंगत्वामुळेच ती लागत असेल आणि ती घेतल्यानं आधी मिळणारी एखादी मदत कमी होणार असेल, तर बदली म्हणून मागता येते. पण आधी अर्ज, मग लेखी होकार, मग खरेदी. उलटं केलं तर खर्च आपल्याच गळ्यात. मुद्दाम सुरक्षेसाठी बनवलेलं अलार्मचं साधन ही वेगळी वाट. ते सहायक साधनांमध्ये बसू शकतं, पण तिथेही अंदाजावर जायचं नाही, विचारून घ्यायचं. दुकानदाराच्या शब्दावर मी नऊशे डॉलर भरून बसले असते.

आणि मग तो रविवार.

तुम्ही आलात, चहाही न घेता थेट यांच्यासमोर बसलात. मी आपली बोलत सुटले होते, "यांना ना, असं होतं, तसं होतं..." तुम्ही हातानं मला थांबवलंत आणि यांच्याकडे बघून विचारलंत, "भावोजी, तुम्हाला घड्याळ हवंय का?" कागदावर मोठ्या अक्षरात 'हो' आणि 'नाही' लिहिलंत. ताई, तीन वर्षं या घरात डॉक्टर, नर्स, मी, आमचा मुलगा, सगळे यांच्या डोक्यावरून बोलत होतो. घड्याळ घालायचं कोणी, तर यांनी. आणि विचारायचं कोणाला, तर मला! यांनी 'हो'वर बोट ठेवलं. मग तुम्ही विचारलंत, "वहिनींना तुम्ही कुठे आहात ते दिवसभर दिसलं तर चालेल?" बोट 'नाही'वर गेलं, चांगलं दाबून. "बटण दाबलं किंवा पडलात, तेवढ्यापुरतं?" 'हो'. मला खरं तर दिवसभर दिसायला हवं होतं. वाईट वाटलं, पण ते बोट बघितल्यावर वाद घालायची माझी हिंमत झाली नाही. तेव्हापासून घड्याळाची तीच सेटिंग आहे.

त्यानंतर तुम्ही ओढणी काढलीत, आपला उजवा हात पाठीमागे घट्ट बांधायला मला सांगितलंत आणि सोबत आणलेली तीन घड्याळं टेबलावर ठेवलीत. लेकीचं जुनं, मैत्रिणीचं, आणि एक दुकानातून पाहायला आणलेलं. एका हातानं पट्टा लावून बघत होतात. भोकं आणि बक्कल असलेला पट्टा दातांनी ओढूनही लागला नाही. लोहचुंबकाचा लागला, पण दाराच्या कडीला घासताच सुटला. वेल्क्रोचा एका झटक्यात बसला. हे इतकं बारकाईनं बघत होते की मध्येच हसले. पक्षाघातानंतर यांचं हसणं अर्ध्याच तोंडानं येतं, मला ते फार आवडतं.

माझ्या डोक्यात घड्याळ डाव्या मनगटावर, कारण सगळे डाव्यावरच घालतात. तुम्ही विचारलंत, "मग बटण दाबणार कोण? उजवा हात?" किती साधी गोष्ट, आणि मला सुचलीच नव्हती! चांगल्या हाताला बटण दाबायचं असेल तर घड्याळ अधू हातावर हवं. पण लगेच तुम्हीच पुढची अडचण काढलीत, आणि ओढणी बांधलेल्या हातासकट बाथरूममध्ये जाऊन उजव्या कुशीवर आडव्या झालात. पासष्टीला आलेली बाई, थंडगार फरशी, अंगाखाली अडकलेला हात. डाव्या हातानं घड्याळापर्यंत पोचायला बघत होतात, आणि पोचत नव्हतं. तिथूनच म्हणालात, "लिहून ठेवा, हे ओटीला विचारायचंय." ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, रोजची कामं जमवायला शिकवणारे. ओटीनं पुढे यांना शिकवलं, डाव्या हातानं उजवं कोपर धरून हात बाहेर कसा ओढायचा ते. तीन आठवडे गालिच्यावर रोज सराव केला. आता जमतं.

घड्याळाला आपोआप कळतं ना माणूस पडला ते, असं मी म्हणाले होते. तुम्ही समजावलंत की आतला सेन्सर जोराचा आदळ आणि त्यानंतरची शांतता ओळखतो. भिंतीला धरून हळूहळू खाली बसलेला माणूस त्याला बसलेलाच वाटतो. म्हणजे जूनमध्ये आमच्याकडे घडलं नेमकं तेच त्याला कळलं नसतं. म्हणून आपोआप ओळखणं असावं, पण बटणाशिवाय भागत नाही. आणि लोक घड्याळ काढतात कधी? आंघोळीला आणि रात्री. पडतातही बरेचदा तेव्हाच. तुम्ही सांगितलंत तसं आम्ही चार्जिंग रात्री आठ ते नऊ ठेवलंय, मी शेजारी बसलेली असताना. पाण्याचं म्हणाल तर घड्याळावर लिहिलेलं आयपी६७ म्हणजे मीटरभर स्थिर पाण्यात अर्धा तास तग धरतं, शॉवरला चालतं का ते मात्र विचारून घ्यायचं.

त्याच आठवड्यात ओळखीतल्या एकांनी त्यांच्या आईचं अलार्मवालं घड्याळ पन्नास डॉलरला देऊ केलं होतं. त्यांच्या मनात चांगलंच होतं, पण ते थ्रीजीवर चालणारं. टेल्स्ट्रा आणि ऑप्टस या इथल्या मोठ्या फोन कंपन्यांनी २८ ऑक्टोबर २०२४ पासून थ्रीजी बंद केलं. ते घड्याळ वेळ अचूक दाखवत होतं, दिवा लागत होता, बटणही दाबलं जात होतं, फक्त फोन कुठेच लागत नव्हता. तुम्ही ओट्यापाशी उभं राहून ते दाबून दाखवलंत तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. ज्यांच्या घरी असं जुनं घड्याळ किंवा गळ्यातलं अलार्मचं लॉकेट आहे, त्यांनी आजच्या आज ते दाबून बघावं, माझी हात जोडून विनंती आहे.

बोलण्याचा प्रश्न मात्र सगळ्यात अवघड होता. बहुतेक घड्याळांमधून एका केंद्राशी बोलायची सोय असते. पलीकडची व्यक्ती इंग्रजीत विचारणार, "आर यू ओके?" आणि हे म्हणणार, "पाणी". तुम्ही आधी यादीच बदललीत: पहिला फोन मला, मग मुलाला, मग शेजारच्या व्हिएतनामी काकूंना, ज्यांच्याकडे आमची किल्ली असते. आम्ही फोन केला की घड्याळानं तो आपोआप उचलायचा. आणि मग तुम्हाला यांच्या सोललेल्या बोटांची आठवण झाली. "भावोजी, तुम्ही काचेवर वाजवत होतात ना? तसंच घड्याळावर वाजवा. दोनदा म्हणजे हो, एकदा म्हणजे नाही." मी माडीवर गेले, तुम्ही फोन लावलात. माझ्या कानात आधी शांतता, मग टक टक. "लागलंय का?" टक. "मी येऊ का?" टक टक. पक्षाघातानंतर फोनवर आमचं झालेलं ते पहिलं बोलणं. मी जिन्यात बसून किती वेळ रडले ते तुम्हाला माहीत आहे. रुग्णवाहिका लागली तर तीन शून्य (०००, इथला आणीबाणीचा नंबर) लावायचे आम्ही, त्यांना सांगायचंही आम्हीच. बटणावर मोघम विसंबून राहायचं नाही, हेही तुम्ही मुलाकडून वदवून घेतलंत.

कागदाचं काम त्यामानानं लवकर आवरलं, कारण खरं काम त्या रविवारीच झालं होतं. अर्जासोबतच्या ओटीच्या पत्राचा पहिला मसुदा "रुग्णाला पडण्याचा धोका आहे" असा होता. तुम्ही म्हणालात, हे खरंय पण अपुरं आहे. भावोजींना काय करायचंय ते लिहा. यांना करायचं होतं ते एवढंच: स्केलेटन क्रीकच्या काठानं सकाळी एकट्यानं फिरायला जायचं, कोणी सोबत नको. तेच वाक्य यांच्या प्लॅनमधल्या उद्दिष्टात गेलं. पत्रात आलं की गळ्यातलं लॉकेट यांनी का नाकारलं, जूनमध्ये काय झालं, एका हातानं कोणता पट्टा लागतो, आणि सोबतीला माणूस ठेवायचा तर तासाला पासष्ट डॉलरच्या वर खर्च, तोही रोज. घड्याळाची किंमत १,५०० डॉलरच्या आत, म्हणजे कमी किमतीच्या साधनांत बसणारी. लेखी होकार आला, मग प्लॅनमधली बिलं चुकती करणाऱ्या प्लॅन मॅनेजरकडे बिल गेलं. सिमचे महिन्याचे पैसे आम्ही खिशातून भरतो. फोनचं बिल हा सगळ्यांनाच असणारा खर्च, तो प्लॅनमध्ये मागायचा नाही, हेही तुमच्याकडूनच कळलं.

विचारणाऱ्यांपैकी एकीला तिच्या सासूबाईंसाठी हवंय. त्या सत्तर वर्षांच्या, व्हिजिटर व्हिसावर आलेल्या. त्यांच्यासाठी हा रस्ता नाही. अर्ज करताना वय पासष्टच्या आत लागतं आणि नागरिकत्व किंवा कायमचं वास्तव्य लागतं. त्यांना घड्याळ स्वतःच घ्यावं लागेल. पण निवडायचं कसं ते तुमच्याच पद्धतीनं, असं मी तिला सांगितलंय. पुढच्या शनिवारी मी तिच्याकडे जातेय, आणि जाताना ओढणी नेतेय. माझी.

तुमची इथेच आहे, ताई. निळी, बारीक बुट्ट्यांची. बाथरूमच्या फरशीवरचा डाग गेला नव्हता, मी दोनदा धुतली, इस्त्री करून कपाटात वरच्या कप्प्यात ठेवलीय. हे रोज सकाळी सव्वासातला निघतात, आठला परत येतात. पुलापाशी पोचले की स्वतःहून मला फोन लावतात आणि दोनदा वाजवतात. काल यांनी कपाटाकडे बोट दाखवलं आणि माझ्याकडे बघत राहिले. मी विचारलं, "ताईंना बोलवू का?"

टक टक.

लेकीला घेऊन या. चहा हे करणार आहेत, एका हातानं, त्यामुळे थोडा वेळ काढून या.

तुमची,
सातारची वहिनी