वजनकाटा गुंडाळल्यावर विचारलेल्या प्रश्नाबद्दल

आदरणीय आशाताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण खानदेशातल्या इतर ताईंनीही ते वाचावं असं वाटतं. तालुक्याच्या रुग्णालयात आम्ही लहान मुलांची वाढ तपासतो आणि त्यांच्या आयांच्या मनाचे आजारही. मूल आमच्यापर्यंत येतं ते बहुतेक वेळा दीड-दोन वर्षांचं झाल्यावर. बोलत नाही, खात नाही, सारखं किरकिरतं. तुम्ही धाडलेली बाळं मात्र दोन-तीन महिन्यांची असतात आणि चिठ्ठीत आईचा उल्लेख असतोच. 'महिन्यात वजन फक्त २०० ग्रॅम वाढलं. आईला झोप नाही. बाळाशी बोलत नाही.' या तीन ओळींसाठी तुमचे आभार मानायचे आहेत. त्या वयाच्या बाळाचं वजन महिन्याला पाऊण किलोच्या आसपास वाढायला हवं. ते का वाढत नाही याचं उत्तर बरेचदा दुसऱ्या ओळीत, म्हणजे आईच्या बाळंतपणानंतरच्या उदासीत सापडतं.

दवाखान्यात बाळंतपण झालं की ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा आशांच्या सहा घरभेटी ठरलेल्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची जी पद्धत उभी केली, तिच्यातून हे काम देशभर गेलं. फॉर्मवर बाळाचं तापमान, वजन, नाळ, अंगावर पिणं यांचे रकाने भरपूर आहेत. आईच्या मनासाठी तुम्ही तुमच्या वहीत स्वतः रकाना आखला, तोही लाल पेनाने.

तुमची भेट जवळून पाहिली तर तिच्यातला क्रम लक्षात येतो. आधी हात धुणं, मग बाळाचं वजन, मग काटा गुंडाळून पिशवीत. पिशवी बंद झाली की घरातल्यांना वाटतं काम संपलं, आणि सासूबाई चहा ठेवायला उठतात. तेव्हा तुम्ही बाळ स्वतःच्या मांडीवर घेता आणि आईला विचारता, "लेकरू झोपस, पन तुले झोप येस का?" सासूसमोर विचारलं तर उत्तर एकच मिळतं, 'सगळं ठीक आहे'. 'ठीक ना?' असं विचारलं तरी तेच. झोपेबद्दल मात्र कुणी लाजत नाही. बाळ झोपलेलं असतानाही आईचा डोळा लागत नसेल, तर तो थकवा साधा नाही.

बाळंतपणानंतरची उदासी ओळखायची एडिनबर्गची दहा प्रश्नांची यादी १९८७ सालची. मागच्या सात दिवसांत कसं वाटलं हे ती विचारते, प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण ३०. पुस्तकी मराठीत वाचून दाखवली की पावरा किंवा तडवी आदिवासी घरातली आई गप्प बसते, अहिराणी घरातली मान डोलावते. तुम्ही पहिला प्रश्न "हासू येस का माय?" इतका सोपा केला. १३ किंवा जास्त गुण आले की आमच्याकडे पाठवायचं, १० ते १२ आले तर दोन आठवड्यांनी परत विचारायचं, हे तुम्ही कसोशीने पाळता. दहावा प्रश्न जीव द्यावासा वाटण्याचा. तिथे एकही गुण आला तर बेरीज करत बसायचं नाही, आईला एकटी सोडायचं नाही आणि त्याच दिवशी दवाखाना. अनेक जण हा प्रश्न गाळतात, विचारल्याने डोक्यात नको ते येईल म्हणून. तसं होत नाही. विचारल्यावर बाईचा ऊर मोकळा होतो.

तिसऱ्या ते पाचव्या दिवशी येणारं रडू तुम्ही उगीच मोठं करत नाही, हेही महत्त्वाचं. ते बहुतेक आयांना येतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढे टिकलं तर आजार. आणि पहिल्या दोन आठवड्यांत बाई अजिबात झोपत नसेल, भलतंच बरळत असेल, 'हे बाळ माझं नाही' म्हणत असेल, तर ती तातडीची वेळ आहे. हजारात एक-दोघींना हे होतं. घरचे बाहेरची बाधा समजून भगताकडे नेतात आणि दोन-तीन दिवस हातचे जातात. तुम्ही भगताशी वाद घातला नाहीत. 'त्याचं त्याला करू द्या, गाडी आधी दवाखान्यात न्या,' एवढंच म्हणालात. त्यामुळे घरच्यांनी ऐकलं.

आईच्या उदासीने बाळाचं नेमकं काय अडतं, हे तुम्ही आज्यांना ज्या पद्धतीने समजावता, ती आम्ही उचलली आहे. दीड-दोन महिन्यांचं बाळ हसतं, 'आऽगू' करतं आणि थांबतं. ते थांबणं म्हणजे आईची पाळी. आईने तोच आवाज परत केला की बाळ पुढचा काढतं. भाषा, लक्ष, भरवसा यांची पेरणी या देवघेवीत होते. आजारी आई बाळाला पाजते, धुते, पण तिचा चेहरा हलत नाही, उत्तर उशिरा येतं किंवा येतच नाही. एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७०च्या दशकात आयांना अवघी दोन-तीन मिनिटं निर्विकार चेहऱ्याने बसायला सांगितलं होतं. बाळं आधी हसून, हात नाचवून बोलावत राहिली, मग तोंड फिरवून बसली. हे रोज घडलं तर बाळ बोलावणंच कमी करतं. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात, बाळंतपणानंतर उदासीने आजारी असलेल्या आयांची बाळं सहाव्या महिन्यात वजनात आणि बौद्धिक वाढीत मागे दिसली होती.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी, कारण तिच्यावरून बायका रडताना आम्ही पाहतो. स्वमग्नता (ऑटिझम) किंवा बहिरेपण आईच्या उदासीमुळे येत नाही. मूल हाकेला बघत नसेल तर आधी कान तपासायचे. दोष आईच्या पदरात टाकायचा नाही.

घरात दुसरं कुणी मायेने उत्तर देणारं असेल तर बाळ बरंच सावरतं, हे ओळखून तुम्ही कामं वाटून दिलीत. आजीला मालिशीच्या वेळी बोलायला लावलंत: आवाज काढायचा, मनात पाच अंक मोजेपर्यंत थांबायचं, बाळाला बोलू द्यायचं. शेवटची पाच मिनिटं पाय चोळायचं काम आईकडे. जमलं तेवढंच. धुरी बंद केलीत ते तर फारच बरं झालं, बाळाच्या छातीला ती सोसत नाही. आणि बापाला रात्रपाळी दिलीत. बाळ दीड महिन्यापुढचं असेल, वजन नीट वाढत असेल, तर दहाला पाजून आई दुसऱ्या खोलीत झोपेल आणि बाप बाळाला सांभाळेल. भुकेने रडलं तरच तिच्याकडे आणायचं, पाजून झालं की परत घ्यायचं. सलग चार तास झोप हे या आजारातलं निम्मं औषध आहे असं आमचं मत.

रडणं सहाव्या आठवड्याच्या सुमारास सगळ्यात जास्त असतं, तीन-चार महिन्यांत कमी होतं, हे आधी सांगून ठेवल्याने किती घरं शांत राहिली असतील. राग अनावर झाला तर बाळाला पाळण्यात ठेवून पाच मिनिटं ओट्यावर जाऊन उभं राहायचं. बाळाला कधीच गदागदा हलवायचं नाही, मेंदूत रक्तस्राव होतो. बापालाही उदासी येते. तो रडत नाही, चिडतो, पितो, उशिरा घरी येतो. त्यालाही तुम्ही झोपेचंच विचारता.

उदासीवरच्या गोळ्यांच्या बाबतीत तुम्ही आमची चूक सुधारलीत. चिठ्ठीवर आम्ही 'चालू ठेवा' एवढंच लिहायचो. औषधाचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, पण ते ठाऊक नसल्याने आया आठव्या दिवशीच 'फरक नाही' म्हणून गोळ्या बंद करायच्या. महिन्याने बरं वाटलं, म्हणून बंद. बरं वाटल्यानंतरही सहा महिने तरी त्या चालू ठेवायच्या असतात. 'गोळी चालू तर अंगावर पाजू नको' हा सल्ला तर शेजारीणही देते. सरट्रालीनसारखं औषध दुधात फार थोडं उतरतं, डॉक्टरांच्या सल्ल्याने पाजणं चालू राहतं. आता हे सगळं आम्ही चिठ्ठीवर लिहितो, सोबत टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही. आणि हिमोग्लोबिन, थायरॉइड तपासल्याशिवाय गोळी सुरू करत नाही, कारण दोन्हींचा थकवा उदासीसारखाच दिसतो.

गोळी न देता, घरी जाऊन बोलूनही पुष्कळ साधतं. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत तुमच्यासारख्याच आरोग्य सेविकांनी हे केलं. २००८ साली छापलेल्या निष्कर्षांत, सहा महिन्यांनी त्यांच्या गटातल्या २३ टक्के आया आजारी उरल्या होत्या, अशी बोलणी न झालेल्या दुसऱ्या गटातल्या ५३ टक्के. बाळांच्या वजन-उंचीत मोठा फरक पडला नाही, पण हगवण कमी झाली, लसी पूर्ण झाल्या आणि आईबाप दोघंही बाळाशी जास्त खेळू लागले.

सगळ्यात मोठे आभार मात्र एका फोनसाठी. पहिलं बाळंतपण माहेरी. सव्वा महिन्याने किंवा तीन महिन्यांनी पोर सासरी जाते, आणि इथली वही इथेच राहते. सासरच्या ताईंची भेट तिसऱ्या महिन्याची, त्यांना आधीचं काहीच ठाऊक नाही. आजार बहुधा याच फटीत वाढतो. ऊसतोडीला गेलेल्या जोडप्यांचंही तेच. तुम्ही चोपड्याकडून शिरपूरच्या ताईंना फोन लावलात, आईची परवानगी घेऊन तिचे यादीतले गुण सांगितलेत, गोळ्यांची तारीख सांगितलीत. हे करायला तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

आता आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतील. मागच्या वर्षी बाळंत झालेल्यांना, झोके बांधले असतील तिथेच, पुन्हा एकदा विचाराल हे आम्हाला माहीत आहे. त्याआधी एक विनंती. तुमच्या वहीतले अहिराणी प्रश्नांचे ते पान, लाल रकान्यासकट, आम्हाला झेरॉक्स करायला द्याल का? यावल, रावेर, शिरपूरच्या ताईंनी मागितलं आहे. पावरीतही ते करून घ्यायचं आहे, त्यासाठी तुमच्या ओळखीच्या पावरा दाईंना घेऊन एक दिवस आमच्याकडे या. गाडीची सोय आम्ही करतो.

आपले,
तालुक्याच्या रुग्णालयातील बालविकास व मानसिक आरोग्य विभागाचे सहकारी