युवा आदानप्रदानाच्या मार्गदर्शक ताईंना अनावृत आभारपत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आमचे आंतरराष्ट्रीय युवा आदानप्रदान, म्हणजे निरनिराळ्या देशांतल्या तरुणांच्या गटांनी काही दिवस एकत्र राहून शिकण्याचा उपक्रम, सुखरूप पार पडले, हिशेब आणि अंतिम अहवाल सादर झाले, आणि सहभागी तरुणांच्या हाती आपण काय शिकलो ते नोंदवणारी त्यांची यूथपास प्रमाणपत्रेही पडली. आता राहिले आहे ते आभाराचे. ते खासगी पत्रातूनही मानता आले असते. परंतु तुम्ही आमच्यासाठी जे केले ते समारोपाच्या एकाही छायाचित्रात दिसत नाही, म्हणून हे पत्र अनावृत लिहीत आहे. ते मराठीत लिहिण्यालाही कारण आहे. युरोपात राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांचा असा समज असतो की हे उपक्रम तिथल्या नागरिकांच्या मुलांपुरतेच आहेत. युरोपीय संघाच्या इरॅस्मस प्लस कार्यक्रमातील युवा आदानप्रदानासाठी १३ ते ३० वयोगटातील तरुण पात्र असतात आणि तिथे पाहिले जाते ते वास्तव्य कुठल्या देशात आहे ते, पारपत्र कुठले आहे ते नव्हे, ही गोष्ट मलासुद्धा प्रथम तुमच्याकडूनच कळली.

आमच्या उपक्रमाचा विषय ‘सामाजिक समावेशन आणि विविधता’ असा होता. विषयच असा असला की तो फलकावर लिहिताक्षणी साध्य झाल्यासारखे वाटू लागते. पहिल्या ऑनलाइन बैठकीत आम्ही सर्व गटप्रमुख सत्रांच्या याद्या घेऊन सज्ज होतो. तुम्ही त्या याद्या शांतपणे ऐकून घेतल्या आणि मग एवढेच विचारले, की येण्याची इच्छा असूनही येऊ शकणार नाही असे तुमच्या ओळखीत कोण आहे, आणि त्याचे नेमके कशामुळे अडेल. आमच्या गटातले निम्मे तरुण या प्रश्नाचे उत्तर शोधताना सापडले आहेत. त्यांतल्या कोणीही आपणहून आमच्या आवाहनाला प्रतिसाद दिला नसता, कारण असल्या आवाहनांकडे त्यांचे लक्ष जात नाही. ती आपल्यासाठी नसतात हे त्यांनी फार पूर्वीच गृहीत धरलेले असते.

कार्यक्रमाच्या नियमांत ‘कमी संधी असलेले तरुण’ अशी एक संज्ञा आहे. अपंगत्व, आरोग्याच्या तक्रारी, शिक्षणव्यवस्थेतील अडथळे, सांस्कृतिक भिन्नता, सामाजिक अडथळे, आर्थिक अडथळे, भेदभाव आणि भौगोलिक दुर्गमता अशी आठ कारणे तिच्याखाली येतात. अर्ज लिहिताना या वर्गवारीचा उपयोग होतो, कारण तिच्या आधारे समावेशन साहाय्याचा निधी मागता येतो आणि या तरुणांच्या सहभागासाठी होणारा जादा खर्च प्रत्यक्ष होईल तेवढा मंजूर होऊ शकतो. मात्र कोण कुठल्या वर्गवारीत बसतो ही अर्जातली खूण सभागृहात वर्तुळ करून बसलेल्या तरुणांपर्यंत पोहोचता कामा नये, असा तुमचा आग्रह होता. म्हणून तुम्ही एक साधी प्रश्नपत्रिका तयार करून दिली आणि ती काही निवडक जणांना न देता सर्वांनाच भरायला लावली. ‘मला इथे नीट सहभागी होता यावे यासाठी काय लागेल?’ हा त्यातला मुख्य प्रश्न. एरवी कुठल्याच वर्गवारीत न बसणाऱ्या एका मुलीने त्यात लिहिले की तिला अनोळखी लोकांसोबत एका खोलीत झोप लागत नाही. दुसऱ्या एकाला दुपारच्या प्रार्थनेसाठी थोडा वेळ आणि स्वच्छ जागा हवी होती. गर्दीत घुसमट होणाऱ्या दोघांनी शांत बसता येईल अशी एखादी खोली मागितली होती. ती खोली मिळाली, आणि पुढे तिचा उपयोग त्या दोघांपेक्षा आम्हा गटप्रमुखांनीच अधिक केला, हे इथे प्रांजळपणे नमूद करतो.

पैशांच्या बाबतीत तुम्ही जे सुचवले ते मला सर्वांत मोलाचे वाटते आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. अनेक आदानप्रदानांत सहभागी तरुणाने प्रवासाचे तिकीट स्वतः काढायचे, परतल्यावर पावत्या जमा करायच्या आणि मग काही आठवड्यांनी पैसे खात्यात येण्याची वाट पाहायची, अशी पद्धत असते. कागदावर हा उपक्रम मोफत ठरतो. ज्या घरात महिनाअखेरीस हाती काही शिल्लकच उरत नाही, त्या घरातला मुलगा मात्र या मोफत उपक्रमाला येऊ शकत नाही, आणि पैसे नाहीत म्हणून येत नाही असे तो सांगणारही नाही; त्या आठवड्यात जमणार नाही एवढेच कळवील. तुमच्या सांगण्यावरून आम्ही सगळी तिकिटे संस्थेच्या खात्यातून काढली आणि व्हिसाचा खर्च अपवादात्मक खर्चाच्या शीर्षाखाली आधीच मागून घेतला. निर्वासितांसाठीच्या प्रवास-दस्तऐवजावर प्रवास करणारा आमचा एक तरुण केवळ या तजविजीमुळे वेळेत पोहोचू शकला.

उपक्रमाची जागा आधी पाहून घेण्याच्या पूर्वनियोजन भेटीला तुम्ही आमच्यासोबत आलात, तो प्रसंग जरा सविस्तर सांगण्याजोगा आहे. या भेटीसाठी प्रवासाचे दिवस सोडून जास्तीत जास्त दोन दिवस मिळतात आणि त्यात सहभागी तरुणांपैकी कोणाला तरी सोबत नेता येते. व्हीलचेअर वापरणाऱ्या आमच्या मुलाला न्यायचेच, हे तुम्ही ठरवून टाकले होते. निवासाच्या व्यवस्थापनाने इमारत सर्वांसाठी सुगम असल्याचे लेखी कळवले होते. तिथे पोहोचल्यावर कळले की उतार आहे, पण तो मागच्या बाजूला, स्वयंपाकघराजवळच्या कचरापेट्यांच्या रांगेतून जाणारा. तुम्ही पिशवीतून मोजपट्टी काढलीत, दारांची आणि स्वच्छतागृहाची रुंदी त्या मुलालाच मोजायला दिलीत आणि तो सांगेल ते आकडे स्वतः लिहून घेतलेत. स्नानगृहातल्या आधाराच्या दांड्याला हात लावून त्याने तो चुकीच्या बाजूला असल्याचे सांगितले; आमच्यापैकी कोणाच्याही हे लक्षात येणे शक्य नव्हते. त्यानंतर तुम्ही व्यवस्थापकांना अत्यंत सौम्यपणे सांगितलेत की सर्व सहभागी एकाच दाराने आत येतील. पुढच्या दाराला तात्पुरता उतार बसवता येत असेल तर पुढच्या, नसेल तर सगळेच मागच्या. आठवडाभरात पुढच्या दाराला उतार बसल्याचे छायाचित्र आले. संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला, त्यात वाजवी सोयी नाकारणे हासुद्धा भेदभावच मानला आहे, हे तुम्ही परतीच्या गाडीत आम्हाला समजावून सांगितलेत. व्यवस्थापकांसमोर मात्र त्याचा उच्चारही केला नाहीत.

विमानप्रवासाचेही तसेच. युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमानुसार अपंग प्रवाशाला विमानतळावर मदत मिळण्याचा हक्क आहे, पण त्यासाठी निदान ४८ तास आधी कळवावे लागते. ती मुदत तुम्ही आमच्या दिनदर्शिकेत तांबड्या अक्षरांत लिहून ठेवलीत आणि सोबत व्हीलचेअरच्या बॅटरीचा प्रकार, वजन आणि मापे यांचा एक कागदही तयार ठेवायला सांगितलात. प्रवेशद्वारावरच्या कर्मचाऱ्याने नेमके तेच विचारले.

आता दुभाषांविषयी. दोन वेगवेगळ्या देशांतून आलेले दोन कर्णबधिर तरुण आमच्यात होते. सांकेतिक भाषा जगभर एकच असते असा पुष्कळांचा गैरसमज आहे. प्रत्यक्षात त्या दोघांच्या सांकेतिक भाषा एकमेकींपासून सर्वस्वी भिन्न होत्या. थोडेफार जाणणारा एखादा स्वयंसेवक मिळाला तर खर्च वाचेल, अशी सूचना बैठकीत आली तेव्हा ती तुम्ही ठामपणे नाकारलीत. दुभाषाचे काम हे श्रमाचे आणि कौशल्याचे काम आहे, एकाच व्यक्तीला ते दिवसभर करता येत नाही, साधारण वीस-तीस मिनिटांनी दुसऱ्याने सूत्रे घ्यावी लागतात, म्हणून दोघांची जोडी हवी आणि दोघांनाही पूर्ण मानधन हवे, हे तुम्ही अंदाजपत्रकात मांडून दाखवलेत. सभागृहात तुम्ही दुभाषांना खिडकीकडे तोंड करून उभे केलेत, कारण पाठीमागून उजेड आला की चेहरा आणि हात दोन्ही काळवंडतात. एका वेळी एकानेच बोलावे, हा नियमही त्यातूनच आला. त्या नियमाचा सर्वाधिक लाभ कोणाला झाला असेल, तर इंग्रजीत बोलायला बिचकणाऱ्या मुलांना. त्यांना आयुष्यात बहुधा प्रथमच वाक्य पूर्ण करण्याइतकी शांतता मिळाली. दोन्ही कर्णबधिर तरुण तिसऱ्या दिवसापर्यंत आंतरराष्ट्रीय चिन्हे, चित्रे आणि हावभाव यांच्या मिश्रणातून आपसांत इतके भरभर बोलू लागले, की जेवणाच्या टेबलावर मागे पडू लागलो ते आम्हीच.

सत्रांतही तुमचे लक्ष अशाच बारकाव्यांवर होते. युवा कार्यात एक सुपरिचित कृती आहे: प्रत्येकाला एखाद्या काल्पनिक व्यक्तीची चिठ्ठी मिळते, विधाने वाचली जातात, आणि त्या व्यक्तीला जे शक्य असेल त्या विधानाला एक पाऊल पुढे टाकायचे. शेवटी काही जण भिंतीपाशी पोहोचतात आणि काही जण होते तिथेच राहतात. परिणामकारक कृती आहे, यात वाद नाही. तरी ज्या खोलीत खराखुरा निर्वासित बसला आहे, तिथे दुसऱ्या कोणी निर्वासिताची भूमिका दहा मिनिटे वठवून उसासा टाकावा, हे तुम्हाला मान्य नव्हते, आणि मलाही ते पटले. तुम्ही पावलांऐवजी दोऱ्यात मणी ओवायला दिले, म्हणजे चालण्या-न चालण्याचा प्रश्नच उरला नाही. आणि चिठ्ठ्यांतून व्यक्तींऐवजी परिस्थिती दिल्या: वसतिगृहाचा शोध, नोकरीची मुलाखत, दवाखान्यातली नोंदणी. चर्चा माणसांवरून व्यवस्थेवर गेली. कोणालाही आपले दुःख पुराव्यादाखल मांडावे लागले नाही.

देशोदेशींच्या संध्याकाळीचेही तेच केलेत. प्रत्येक देशाने आपले टेबल, आपला ध्वज, आपला नाच मांडायचा, हा या उपक्रमांतला जवळजवळ अटळ कार्यक्रम. त्यात रोमा या युरोपातल्या अनेक देशांत विखुरलेल्या समाजातल्या मुलीने कुठल्या टेबलामागे उभे राहायचे? जो देश सोडून पळावे लागले त्याचा ध्वज आमच्या निर्वासित तरुणाने धरायचा, की ज्याने अजून नागरिकत्व दिलेले नाही त्याचा? माझ्या स्वतःच्या बाबतीतही हा प्रश्न सोपा नाही. ध्वज न मांडता प्रत्येकाने आपल्या घरातली एक वस्तू आणावी आणि तिच्याविषयी दोन मिनिटे बोलावे, अशी तुमची सूचना होती. रोमा समाजातल्या त्या मुलीने आजीची कात्री आणली होती आणि ती आजीच्या शिवणकामाविषयी बोलली. आपल्या समाजावरील अन्यायाविषयी बोलावे अशी अपेक्षा घेऊन आलेल्या काही जणांची थोडी निराशा झाली असावी, आणि ती व्हायलाच हवी होती.

यूथपासविषयी थोडेसेच. २००७ पासून चालत आलेले हे प्रमाणपत्र आठ प्रमुख क्षमतांच्या आधारे, आपण काय शिकलो हे तरुणाने स्वतःच्या शब्दांत मांडावे, या कल्पनेवर उभे आहे. आमच्या गटातील बौद्धिक अपंगत्व असलेल्या तरुणासाठी तुम्ही त्या आठही क्षमतांचे प्रश्न सोप्या वाक्यांत आणि चित्रांत लिहून काढलेत. त्याच्या वतीने कोणी लिहिले नाही. ‘मी एकटा तिकीट दाखवून आत गेलो’ असे त्याने लिहिले, आणि प्रमाणपत्रावर तेच छापले आहे.

ताई, या सगळ्याबद्दल मी, माझा गट आणि इतर गटप्रमुख तुमचे अंतःकरणपूर्वक आभारी आहोत. आमच्यापैकी पाच तरुण आता एक अनौपचारिक युवा गट म्हणून स्वतः अर्ज करणार आहेत. नोंदणीकृत संस्था नसतानाही तसे करता येते, हेही त्यांना तुम्हीच सांगितले होते. ऑक्टोबरची मुदत धरून काम सुरू झाले आहे आणि तुमची प्रश्नपत्रिका वापरण्याची परवानगी त्यांनी माझ्यामार्फत मागितली आहे. अर्जाचा मसुदा तुमच्या नजरेखालून जावा अशी त्यांची इच्छा आहे. दुभाषांच्या मानधनासाठी भांडणाऱ्या तुम्ही स्वतः मात्र आमच्याकडून काही घेतले नाहीत. या वेळच्या अंदाजपत्रकात मार्गदर्शकाच्या मानधनाचा रकाना मुलांनी आधीच भरून टाकला आहे, आणि तो खोडायचा नाही असे त्यांनी मला बजावून ठेवले आहे.

आपला विश्वासू,
एक गटप्रमुख