जिंबोचोच्या आजोबांना

आजोबा,

टोकियोतल्या जिंबोचो भागातल्या तुमच्या चित्रांच्या दुकानात मी तुमच्या नावापुढे 'सान', म्हणजे आपलं 'जी', लावायचो, पण मनात पहिल्या दिवसापासून आजोबाच म्हणत आलो. तुमच्या भाषेत आभाराचे दोन-चार ठरलेले शब्दच मला येतात आणि ते पुरत नाहीत, म्हणून हे मराठीत लिहितोय. टोकियोला आलो की समोर बसून वाचून दाखवीन.

तो पावसाळी शनिवार आठवतो? मी पिशवीतून चित्रकार कावासे हासुईंचं 'झोजोजी' हे लाकडी ठशांनी छापलेलं चित्र काढलं होतं. लालभडक देऊळ, तिरका कोसळणारा बर्फ आणि छत्री सावरत चाललेली बाई. १९२५ सालची पहिली छपाई म्हणून एका विक्रेत्याकडून घेतलेलं. बरीचशी बचत त्यात गेली होती. तुम्ही आधी चित्र पाहिलंच नाहीत. कोपऱ्यातल्या मटाराएवढ्या गोल शिक्क्यावर भिंग धरलंत. प्रकाशक वातानाबेंचा हा शिक्का युद्धानंतरचा, १९४६ ते १९५७ च्या दरम्यानचा, असं शांतपणे सांगितलंत.

माझा चेहरा पडला. तुम्ही चहा पुढे केलात आणि म्हणालात, हे खोटं नाही. त्याच प्रकाशनगृहातलं आहे, फक्त वय चुकीचं सांगितलंय. त्या एका वाक्यामुळे ते चित्र आजही माझ्या घरात आहे. नाहीतर रागाच्या भरात मी ते विकून टाकलं असतं.

मग तुम्ही ते उलटं केलंत. ओलसर कागदावर बारेनने, म्हणजे हातात धरायच्या गोल चपट्या गादीने, घासून छापलं की पाण्यातला रंग तंतूंत मुरतो आणि मागच्या बाजूला उमटतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. प्रिंट खिडकीपाशी तिरकी धरून बारेनचे वळसे शोधायलाही तुम्हीच शिकवलंत. मागे लावलेली पिवळी पडलेली चिकटपट्टी मी नखाने काढायला गेलो, तेव्हा तुम्ही माझा हात धरलात. (अजूनही कुठे चिकटपट्टी दिसली की तो हात आठवतो.)

पण खरे आभार वेगळ्याच गोष्टीसाठी आहेत. तुमचे चित्रकार योशिदा हिरोशी भारत फिरून गेले आणि त्यांनी ताजमहालाची चित्रं छापली. त्यातलं पहाटेच्या धुक्यातलं, १९३२ चं, तुमच्या खणात होतं. आपल्याकडचा ताज, जपानी कागदावर, इतका हलका! मी लगेच पैसे काढले. तुम्ही खण सरकवून बंद केलात. समास कापलेला होता. डावीकडच्या समासात असतो तो 'जिझुरी' शिक्का, म्हणजे छपाई स्वतः योशिदांच्या देखरेखीखाली झाल्याची खूण, कापलेल्या कागदाबरोबर गेली होती. हे घेऊ नका, थांबा, म्हणालात. त्या दिवशी दुकानात दुसरं गिऱ्हाईकही नव्हतं.

मी थांबलोय, आजोबा. पूर्ण समासाचं मिळालं की कळवा. भिंतीवर, उन्हापासून लांब, जागा रिकामी ठेवलीय.

तुमचा,
पुण्याचा तो मुलगा