पॅकिंगच्या मॅडमना, उघडपणे

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

तुमच्या निरोप समारंभात मला बोलायला उभं केलं, तेव्हा "मॅडमकडून खूप शिकायला मिळालं" एवढं म्हणून मी खाली बसलो. असं सगळेच म्हणतात. नेमकं काय शिकलो ते राहूनच गेलं. ते चारचौघांनी ऐकावं असं वाटतं, म्हणून हे पत्र.

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या औषधांच्या कारखान्यात पॅकिंग सगळ्यात शेवटी. मागे कुठेही उशीर होवो, गाडी वेळेत भरायची आम्ही आणि ओरडाही आम्हीच खायचा. तुम्ही येण्याआधी लाईनवर काही बिनसलं की डेव्हिएशन रिपोर्टात, म्हणजे ठरल्यापेक्षा वेगळं घडल्याच्या नोंदीत, कारणापुढे 'ऑपरेटरची चूक', उपायापुढे 'पुन्हा ट्रेनिंग दिले' असं लिहून फाइल बंद व्हायची. ज्याचं नाव यायचं तो पुढे कितीतरी दिवस मान खाली घालून वावरायचा. बाकीचे त्याच्याकडे बघून एवढंच शिकायचे, की दिसलं तरी बोलायचं नाही.

तुमच्या टेबलावर असा पहिला रिपोर्ट आला तो रात्रपाळीचा. गोळ्या स्ट्रिपमध्ये बंद करणाऱ्या ब्लिस्टर मशीनच्या रेलखाली आधीच्या बॅचची एक स्ट्रिप सापडली होती. लाईन क्लिअरन्सवर सही होती, म्हणजे मशीन रिकामं असल्याचं कागदावर पक्कं. औषधात बॅचची सरमिसळ म्हणजे काय, हे आपल्या धंद्यात कुणाला सांगायला नको. तुम्ही सही केली नाहीत. गाऊन, टोपी, शू-कव्हर चढवून थेट लाईनवर आलात आणि त्या पोराला म्हणालात, "तपासताना कुठे उभा राहतोस ते दाखव." तो घाबरतच उभा राहिला. तुम्ही त्याच जागी उभ्या राहिलात. तिथून रेलच्या खालचं काही दिसतच नव्हतं! मग बॅटरी मागवलीत, गुडघ्यावर बसून बघितलंत. ती जागा चेकलिस्टमध्ये आली आणि मशीनशेजारी कायमची बॅटरी टांगली गेली. जाताना त्या पोराला म्हणालात, "सापडली ते बरं झालं, सांगितलंस ते त्याहून बरं."

त्यानंतर पोरं बोलायला लागली. साहजिकच डेव्हिएशनचा आकडा चढला आणि हेड ऑफिसकडून विचारणा झाली. त्या मीटिंगला मीही होतो. एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधिकेचं नाव मी तिथे पहिल्यांदा ऐकलं. रुग्णालयांत औषधं देताना होणाऱ्या चुका त्यांनी १९९० च्या दशकात तपासल्या, तर चांगल्या टीममध्येच चुकांची नोंद जास्त निघाली. कारण तिथे चूक सांगायची भीती नव्हती. त्यावर त्यांनी १९९६ मध्ये शोधनिबंधही लिहिला, हे तुम्ही सांगितलंत आणि वर म्हणालात, "आकडा कमी हवा असेल तर उद्याच कमी करून देते. लाईनवर घडायचं ते घडतच राहील." खोलीत कुणी काही बोललं नाही. आमच्यासाठी कुणी वरच्यांशी असं बोललेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

आणखी एक. दोन पाळ्यांच्या मध्ये पंधरा मिनिटं तुम्ही पगारी करून घेतलीत. आधी दुसऱ्या पाळीची माणसं ठाण्याची लोकल पकडायला पळायची आणि हँडओव्हर म्हणजे जिन्यात दोन शब्द. आता मशीनपाशी उभं राहून रजिस्टर वाचून होतो. लॉबीत मूल्यांची रंगीत पोस्टर्स लागली, एचआरने शुक्रवारी खेळही घेतले. खोटं कशाला बोलू, मजा आली. पण माणसं टिकली ती या पंधरा मिनिटांसारख्या गोष्टींमुळे.

तुम्ही गोड होतात असं मात्र कुणी म्हणणार नाही. नेलपॉलिश दिसली की गाऊनिंग रूमच्या दारातूनच परत. कौतुकातही हात आखडताच. पण कंपनीच्या माणसाला एक नियम आणि कॉन्ट्रॅक्टच्या पोरीला दुसरा, असं तुमच्याकडे कधी झालं नाही, म्हणून तुमचं बोलणं कुणाला लागलं नाही.

नव्या साहेबांनीही आल्या आल्या तोच प्रश्न विचारला, इतके डेव्हिएशन का? मी तुमचंच उत्तर दिलं. किती पटलं माहीत नाही, पण परवा 'ऑपरेटरची चूक' लिहिलेला एक रिपोर्ट त्यांनी सही न करता परत पाठवला.

ठाण्याला याल तेव्हा कळवा. पोरी भेटायला येणार म्हणतात, नेलपॉलिश लावून.

आपला,
पॅकिंगचा शिफ्ट सुपरवायझर