अर्थमंत्री महोदया, माझं लिहिणं धंदा की पेशा?

माननीय केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांस,

सप्रेम नमस्कार.

मी नोकरदार बाई. रात्रीची भांडी आवरली की ओट्यावरच लॅपटॉप उघडते आणि पाककृतींचा मराठी ब्लॉग लिहिते. एका आर्थिक वर्षात जाहिरातींचे १ लाख १० हजार रुपये खात्यात आले. सगळे बँकेतून. लपवायचे म्हटले तरी लपणार नाहीत, आणि मला लपवायचेही नाहीत. कर किती भरायचा, एवढंच कोणी छातीठोकपणे सांगत नाही.

पहिल्या सीएंनी हा धंदा ठरवला. आयकराचं कलम ४४एडी, म्हणजे खर्चाचा हिशेब न मांडता अंदाजे नफा धरायची सोय: बँकेतून आलेल्या रकमेच्या ६ टक्के नफा, म्हणजे ६,६०० रुपये. दुसऱ्यांनी मान हलवली. लेखन हा पेशा, पेशेवाल्यांचं ४४एडीए लावा, निम्मी रक्कम नफा. झाले ५५,०००. मी जुन्या करप्रणालीत २० टक्क्यांच्या टप्प्यात आहे; उपकर धरून दोन्हींत दहा हजारांचा फरक पडतो. दोघंही अनुभवी, दोघांनीही शेवटी तेच सांगितलं: 'नोटीस आली तर बघू.' माझी झोप उडाली ती या 'बघू'नं.

४४एडीएची यादी मी स्वतः वाचली. वकील, डॉक्टर, इंजिनिअर, आर्किटेक्ट, घराची अंतर्गत सजावट करणारेसुद्धा. चित्रपट कलाकारांत गीतकार आहे, कथालेखक आहे, संवादलेखकही आहे. म्हणजे पडद्यावरची आई 'जेवून घे रे' म्हणते ते वाक्य लिहिणारा यादीत, आणि जेवणाची कृती लिहिणारी बाहेर! २०२५ मध्ये विवरणपत्रात सोशल मीडिया इन्फ्लुएन्सरसाठी १६०२१ हा कोड आला. पण कोड फॉर्ममध्ये आला, कलमात नाही. (शिऱ्याचा फोटो काढणारीनं स्वतःला इन्फ्लुएन्सर म्हणवून घ्यायचं, हे आणखी वेगळंच.)

प्रत्यक्ष खर्च दाखवा म्हणाल, तर होस्टिंग आणि डोमेनच्या पावत्या आहेत. करंज्यांच्या नारळांचं काय करू? फोटो झाल्यावर त्या घरच्यांनीच खाल्ल्या.

त्यात अफिलिएट लिंकवरून कोणी कढई घेतली की मला थोडं कमिशन मिळतं. कमिशनच्या उत्पन्नाला ४४एडी चालत नाही. त्या चिल्लरीपायी मग आयटीआर-३ हा विवरणपत्राचा लांबलचक फॉर्म. एका कंपनीनं २४ हजारांचा मिक्सर देऊ केला, तर कलम १९४आर आडवं आलं: वर्षाला २० हजारांवरच्या भेटवस्तूवर १० टक्के टीडीएस, म्हणजे देणाऱ्यानं आधीच कापायचा कर. वस्तूतून रोख कापता येत नाही, म्हणून मिक्सर हातात पडण्याआधी २,४०० रुपये कर भरल्याचा पुरावा त्यांनी माझ्याकडेच मागितला. मी मिक्सर घेतला नाही. जुन्यावर चटणी अजून बारीक होते.

सगळ्यात जास्त खुपतं ते वेगळंच. माझ्या शेजारच्या टेबलावरचे सहकारी दरवर्षी हिशेब मांडतात आणि जुनी की नवी करप्रणाली ते ठरवतात. पगारदाराला ती मुभा आहे. ब्लॉगचं उत्पन्न जोडलं गेल्यामुळे माझी ती गेली. जुनी प्रणाली हवी तर मुदतीत फॉर्म १०-आयईए भरायचा, आणि त्यानंतर एकदा नव्यात परतले की ब्लॉगची कमाई सुरू आहे तोवर जुनीचं दार बंद. घरकर्जाच्या व्याजाची वजावट जुन्या प्रणालीत घेणाऱ्या माणसाला हे परवडत नाही. लाखभराच्या जोडकमाईनं संपूर्ण पगाराची निवड बांधून टाकायची, यातला न्याय मला कळत नाही.

१ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात ही अंदाजे नफ्याची कलमं ५८ व्या कलमात एकत्र आली आहेत. तिथे ऑनलाइन लेखन आणि व्हिडिओवाल्यांचा स्पष्ट उल्लेख करा. आम्ही धंद्यात की पेशात, आणि अफिलिएटचं कमिशन कुठे, हे परिपत्रकानं सांगितलंत तरी चालेल. ५० टक्के ठरले तर ५० टक्के भरीन, कुरकुर करीन पण भरीन. शिवाय पगारदाराची अशी जोडकमाई एका मर्यादेच्या आत असेल, तर करप्रणाली दरवर्षी निवडायची मुभा त्याच्याकडेच राहू द्या. मर्यादा किती ते तुमचं खातं ठरवो.

पुढचं विवरणपत्र भरायच्या आत उत्तर मिळालं, तर तिसऱ्या सीएंची फी वाचेल.

आपली,
एक करदाती, सातारा