१ फेब्रुवारीच्या बैठकीबद्दल

सभासदहो, दरवर्षी १ फेब्रुवारीला आपण कल्पना चावलाला आठवतो. यंदा त्याच कोलंबिया यानातल्या एका कागदाबद्दलही बोलू.

२००३ मध्ये इलान रामोन या इस्रायली अंतराळवीराने एका पेन्सिल-चित्राची प्रत सोबत नेली होती. चंद्रावरचे टोकदार डोंगर आणि त्यांच्यामागे दिसणारी पृथ्वी. काढणारा प्रागचा पेत्र गिन्झ, नाझींच्या तेरेझिन छावणीत कोंडलेला पोरगा. तिथेही पठ्ठ्या मुलांचं साप्ताहिक चालवायचा! १९४४ मध्ये त्याला आउशविट्झला नेऊन मारलं, वय १६. रामोनची आईसुद्धा आउशविट्झमधून वाचलेली.

यान कोसळलं त्या दिवशी पेत्र ७५ वर्षांचा झाला असता. त्या बातम्यांमुळे प्रागमधल्या एका घराच्या माळ्यावर पडून राहिलेल्या त्याच्या वह्या उजेडात आल्या. त्याची धाकटी बहीण एवा छावणीतून वाचली होती. भावाची ती रोजनिशी तिनेच छापून आणली. मला तर चित्रापेक्षा हेच जास्त भिडतं. आता ५०४१३ क्रमांकाच्या लघुग्रहाला पेत्रचं नाव आहे.

संध्याकाळी साडेसहाला, नेहमीच्या गच्चीवर. स्वेटर आणा, गेल्या वेळी निम्मे जण कुडकुडत लवकर पळाले. ज्यांनी भाऊ-बहीण गमावलेत त्यांना बोलावंसं वाटलं तर बोला, आग्रह नाही. शेवटी दोन मिनिटं शांततेसाठी गप्प बसू. सध्याच्या युद्धांवरचे वाद मात्र त्या दिवशी नकोत, ग्रुपवरही नकोत. मुलांना जरूर आणा, कागद-पेन्सिली मी आणतोय.