'दर्जेदार व पौष्टिक भोजन' म्हणजे नक्की किती ग्रॅम?

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मेसच्या जेवणावर पेपरला पत्र लिहितोय म्हटल्यावर रूममेट हसायलाच लागला, म्हणाला मुंबई-गोवा हायवे अजून पुरा झाला नाही, दर पावसाळ्यात घाटात दरड येते आणि तू वरणावर लिहिणार? म्हटलं हायवेवर लिहिणारे खूप आहेत, वरणावर कोणीच लिहीत नाही आणि ते तर मला रोज दोनदा लागतं.

मी कोकणातल्या एका युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसवर हॉस्टेलला राहतो, एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण एक तर मला अजून एक सेमिस्टर इथेच जेवायचंय आणि दुसरं म्हणजे जे सांगतोय ते वाचून बऱ्याच कॉलेजच्या पोरांना आपलीच मेस वाटणार आहे. महिन्याला ३२०० रुपये, दोन वेळचं जेवण, नाश्ता वेगळा. बोर्डावर रोज झकास मेनू लिहिलेला असतो, अक्षर पण छान आहे. 'दाल तडका' म्हणजे पिवळं पाणी, त्यात तळाला हात घातला की चार दाणे लागतात. 'मिक्स व्हेज' म्हणजे बटाटा, फ्लॉवरचे दांडे आणि काल जे उरलं ते. बुधवारी आणि रविवारी चिकन, त्यात रस्सा इतका की पीस शोधायला गळ टाकावा लागेल.

आता एवढ्यावर थांबलो असतो तर ते नेहमीचं रडगाणं झालं असतं, मेसला शिव्या घालणं हा हॉस्टेलचा धर्मच आहे हे मलाही मान्य. पण गेल्या वर्षी मी मेस कमिटीवर होतो. कमिटी म्हणजे काय तर तीन महिन्यांतून एकदा चहा-बिस्किट आणि सही. तिथे बसून मी ठेकेदाराशी भांडायचो, तो म्हणायचा दादा ह्या रेटमध्ये ह्याहून चांगलं परवडत नाही, मी म्हणायचो करारात काय ठरलंय ते दाखवा, तो म्हणायचा ऑफिसात विचारा. ऑफिसवाले म्हणायचे रेक्टरना विचारा. शेवटी वैतागून आरटीआय टाकला, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून, आणि तीस दिवसांची मुदत संपत आली तेव्हा कराराची झेरॉक्स हातात पडली.

सात पानं. त्यात डिपॉझिट किती, किचनचं भाडं किती, लाइट बिल कोणी भरायचं, खुर्ची मोडली तर दंड किती, सगळं व्यवस्थित. जेवणाबद्दल एक ओळ. 'ठेकेदाराने विद्यार्थ्यांना दर्जेदार व पौष्टिक भोजन पुरवावे.' बस. माणशी डाळ किती ग्रॅम, तेल कुठलं, भाजी किती, दूध-दही आठवड्यात किती वेळा, काही म्हणजे काहीच नाही. आणि ठेका कोणाला मिळाला, तर सगळ्यात कमी रेट टाकणाऱ्याला. म्हणजे ५३ रुपयाच्या ताटातून (३२०० भागिले महिन्याची साठ ताटं) त्याने आधी भाडं काढायचं, मग गॅस, मग कामगारांचा पगार, मग स्वतःचा नफा, आणि उरेल त्यात आम्हाला जेवू घालायचं. त्या दिवसापासून माझा ठेकेदारावरचा राग निम्मा झाला खरं सांगतो. डाळीत पाणी तो घालत असेल, पण तेवढी जागा करारानेच करून ठेवलीय.

आता जरा गंभीर. दुपारचा उरलेला भात पातेल्यात तसाच झाकून ठेवतात आणि रात्री फोडणीचा भात म्हणून येतो. कोकणातली हवा कशी असते ते आपल्याला सांगायला नको, मे महिन्यात आणि पावसात सुद्धा घामाने शर्ट अंगाला चिकटतो, त्यात भात सात-आठ तास बाहेर. आमच्या विंगमधला एक जण मायक्रोबायोलॉजीला आहे, त्याने सांगितलं की बॅसिलस सेरियस नावाचा जंतू असतो, त्याचे स्पोअर, म्हणजे बीजाणू, भात शिजवला तरी मरत नाहीत, भात कोमट राहिला की ते वाढतात आणि जे विष तयार होतं त्यातलं उलटी करवणारं परत गरम करून, फोडणी देऊन पण जात नाही. नियम असा आहे की गरम अन्न ६० अंशाच्या वर ठेवायचं नाहीतर लवकर गार करून ५ अंशाच्या खाली. आमच्याकडे ते ह्या दोन्हीच्या बरोबर मधे असतं. जुलैमध्ये एका रात्रीत आमच्या विंगमधले पाच जण उलट्या करत होते, सकाळी तक्रार घेऊन गेलो तर उत्तर मिळालं 'बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल'. बाहेरचं! त्या दिवशी पाऊस असा कोसळत होता की टपरीवाल्याने पण दुकान उघडलं नव्हतं.

तेलाचं तेच. ज्या तेलात वडे निघाले त्यातच पुऱ्या, त्यातच दुसऱ्या दिवशी पापड, रंग बघितला तर चहा वाटेल. परत परत तापवलेल्या तेलात पोलर कंपाउंड, म्हणजे तेल खराब होताना तयार होणारे घटक, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरता येत नाही हा नियम १ जुलै २०१८ पासून देशभर लागू आहे, पण तपासणार कोण? फूड लायसन्सचा तो चौदा आकडी नंबर समोर दिसेल असा लावायचा असतो, आमच्याकडे तो फ्रिजच्या मागे आहे आणि त्यावरची तारीख कधीच उलटून गेलीय. उसळ लवकर शिजावी म्हणून सोडा टाकतात, त्याने बी-वन जीवनसत्त्व नष्ट होतं हे आमच्याच कॅम्पसवर शिकवतात.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे की कोकणात राहून ताटात कोकण नाही. मी मालवण तालुक्यातला, माझ्या आईला फोनवर सांगितलं की दोन वर्षांत मेसमध्ये एकदाही मासा बघितला नाही तर तिला वाटलं मी थट्टा करतोय. बंदर गाडीने वीस मिनिटांवर. तारली-बांगडा उदंड येतो त्या दिवसांत भाव इतका पडतो की चिकनपेक्षा स्वस्त पडेल. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते कबूल, तेव्हा सुकट आहे, जवळा आहे. शाकाहारी मुलांसाठी वेगळी भांडी ठेवा, त्यात काय मोठंसं. आणि त्यांच्यासाठी तरी काय देतात, तर घाटावरून येणारं पनीर नावाचं रबर. कुळीथ आहे ना इथे, १०० ग्रॅममध्ये २० ग्रॅमच्या वर प्रोटीन असलेलं कडधान्य, त्याची पिठी करायला दहा मिनिटं लागतात. काळ्या वाटाण्याचं सांबारं आहे, सोलकढी आहे. पावसाळ्यात घाट बंद झाला की कोल्हापूरची भाजी येत नाही म्हणून आम्ही आठवडाभर बटाटा खातो आणि हॉस्टेलच्या कंपाउंडला लागून टाकळा, ही पावसाळी रानभाजी, गुडघाभर वाढलेला असतो.

अर्थात सगळ्यांना पेजच द्या असं माझं म्हणणं नाही. माझा रूममेट नांदेडचा, त्याला भाताचा कंटाळा, त्याला ज्वारीची भाकरी आणि ठेचा पाहिजे, आणि तिरफळ ह्या आमच्याकडच्या मसाल्याचा वास आला की तो ताट घेऊन लांब जाऊन बसतो. त्यालाही आठवड्यातून दोनदा भाकरी मिळावी. पण हे ठरवायला खाणाऱ्यांना कोणी विचारतच नाही ना.

माझा काका ऐंशीच्या दशकात हॉस्टेलला होता, तेव्हा म्हणे डिव्हायडिंग मेस असायची. आचारी पगारावर, बाजार मुलंच करायची, दर महिन्याला दोन नवे मेस सेक्रेटरी, आणि महिन्याचा एकूण खर्च हजेरीने भागायचा. जास्त खर्च झाला तर आपलाच खिसा, म्हणून चांगलं-वाईट आपोआप कळायचं. काका हेही सांगतो की एका सेक्रेटरीने हिशोबात घोळ केला होता आणि परीक्षेच्या दिवसांत बाजाराला जायला कोणी तयार नसायचं, रोज वांगी. त्यामुळे ते जसंच्या तसं परत आणा असं मी म्हणणार नाही. पण निदान एक काउंटर बचत गटाला द्यायला काय हरकत आहे? गॅदरिंगला गावातल्या बायकांचा स्टॉल होता, घावणे-चटणी आणि पिठी-भात, दीड तासात सगळं संपलं, मेसवाल्याचे छोले तसेच राहिले. त्या मावशी म्हणाल्या आम्ही रोज येऊ, पण डिपॉझिट एवढं कुठून भरणार.

बाकी रात्री नऊनंतर मॅगी आणि वडापाव हाच आधार. २०१६ साली यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) सगळ्या विद्यापीठांना पत्र पाठवलं होतं की कॅम्पसवर जंक फूड बंद करा, नंतर २०१८ ला परत आठवण केली. चांगलंय. पण वडापाव बंद केला तर त्या भातावर जगायचं का, हे पण पत्रात लिहायला हवं होतं.

आमचा ठेका ह्या जूनमध्ये संपतोय, नवीन टेंडर एप्रिल-मेमध्ये निघेल, तेव्हा मुलं परीक्षेत आणि मग घरी. म्हणून आत्ताच लिहितोय. टेंडरमध्ये माणशी डाळ, भाजी, तेल, दही ग्रॅममध्ये लिहा, दुपारचा उरलेला भात रात्री वाढायचा नाही ही अट टाका, आणि करार मेसच्या दारावर लावा, फ्रिजच्या मागे नको. पत्र छापलंत तर कात्रण मी स्वतः नोटीस बोर्डावर लावणार आहे, फक्त माझं नाव छापू नका, वाढपी मामा मला ओळखतात आणि सध्या तेच एकटे मला चमचा तळापर्यंत घालून वरण वाढतात.

आपला,
एक मेसग्रस्त विद्यार्थी